किडनी आहे, लावायला जागा नाही

माझा भाऊ धम्मरत्न खोटारडा आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की मैत्रीताईनं भावाचं नुसतं गुणगान गायलं. लहानपणी टोपल्यात दोनच भाकरी उरल्या की हा म्हणायचा, मी बाहेर वडापाव खाऊन आलोय. वडापावला पैसे कुठून आले हे आई विचारायची नाही, कारण खरं काय ते तिलाही ठाऊक होतं. शाळेत माझ्या हातून खिडकीची काच फुटली, तर आपणच फोडली म्हणून मार यानं खाल्ला. त्याचं खोटं कायम असं दुसऱ्याच्या सोयीचं असायचं, म्हणून त्याला कुणी कधी टोकलं नाही. टोकायला पाहिजे होतं. तेव्हाच दोन कानाखाली वाजवायला पाहिजे होत्या.

आम्ही दापोडीचे. वडील कारखान्यात होते, ते रिटायर होऊन वर्षभरात गेले. घरात आई, म्हणजे चतुराबाई, मग धम्मरत्न, त्याला आम्ही रतन म्हणतो, आणि त्याची बायको मिनल. ती तळवड्याला एका आयटी कंपनीत हाउसकीपिंगचं बघते. मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडं गेले, म्हणजे गेलेच नाही. घरी शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म. माझ्या फिटिंगसाठी सांगवीहून बायका येतात, आणि त्याचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण आता नाही.

रतननं आयटीआय केलं आणि चाकणला लागला. मोटारीचे दरवाजे, बॉनेट, असले पत्रे दाबायची कंपनी. सकाळी नाशिक फाट्यावर कंपनीची बस, संध्याकाळी तिथंच परत, आणि ओव्हरटाइम लागला तर कधी ते देव जाणे. काम कॉन्ट्रॅक्टवर. सात महिने झाले की ब्रेक, मग नवं कार्ड, नवा नंबर, तेच मशीन. अशी आठ वर्षं. सुट्टीच्या दिवशी गल्लीतले मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचा. कुणी नवा मिक्सर आणला की त्याच्याबरोबरचं माहितीचं पुस्तक हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. बाकीचे लोक ते पुस्तक रद्दीत टाकतात.

बत्तिसाव्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. बूट घालताना कण्हायचा. विचारलं तर म्हणे, कंपनीनं बूटच लहान दिलेत. डोकं दुखायचं, त्यावर गोळी. कंबर दुखायची, त्यावर गोळी. शेवटी मिनलनं हट्टानं नेलं तेव्हा कळलं की बीपी आभाळाला भिडलंय आणि दोन्ही किडन्या जवळजवळ बसल्यात. आई म्हणाली, "पोरगा दारू पीत न्हाई, तंबाखू खात न्हाई, मग किडनी कशापायी गेली?" बीपी कधीपासून होतं ते कुणी मोजलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिन्यांत डायलिसिस लागेल, म्हणून हात आत्तापासून तयार करून ठेवू. डाव्या मनगटाच्या वर छोटं ऑपरेशन केलं. शुद्ध रक्ताची एक नस आणि अशुद्ध रक्ताची एक नस एकमेकींना जोडून दिल्या. त्याला फिस्टुला म्हणतात. मग ती नस हळूहळू फुगते, जाड होते, आणि डायलिसिसच्या जाड सुया तिच्यात टोचता येतात. त्यावर बोट ठेवलं की आत थरथर लागायची, चालू शिलाई मशिनच्या टेबलावर हात ठेवल्यावर लागते तशी. मी म्हटलं, "अगं बाई, हे तर माझ्या मशिनसारखं चाललंय!" तो हसला.

आता इथून पुढचं सांगायला नको वाटतं, पण सांगते.

एका रविवारी तो कंपनीची बाही घेऊन आला. पत्र्यानं कापू नये म्हणून तिथं सगळेच जीनच्या कापडाच्या बाह्या घालतात, मनगटापासून दंडापर्यंत.

"ताई, अशीच एक शिवून दे. पण घट्ट."

"कंपनी देते की फुकट!"

"ती ढगळ आहे गं. काम करताना खाली सरकते. सरकली की हे दिसतं." त्यानं हात पुढं केला. नस चांगली करंगळीएवढी फुगली होती. "परमनंटची यादी निघालीय. चाळीस जणांत माझं नाव आहे. महिन्याभरात मेडिकल. सुपरवायझरनं हे आधीच बघितलं तर नावावर काट. उगं हात दाखवून अवलक्षण कशाला?"

आठ वर्षं, राव! आठ वर्षं त्यानं त्या यादीची वाट बघितली होती. मी काय म्हणायला पाहिजे होतं? म्हणायला पाहिजे होतं की मेल्या, डॉक्टरांना विचारलंस का? पण मी म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची," आणि गळ्यातली टेप काढून माप घेतलं. मनगटाला दुहेरी इलॅस्टिक, कोपराच्या वर दुहेरी इलॅस्टिक, मधे चपखल कापड. घालून बघायला लावलं आणि विचारलं, "घट्ट होतंय का रे?"

"घट्टच पाहिजे."

त्यानं हात वर-खाली करून बघितला, बाही तसूभर सरकली नाही. "ताई, तुझ्या फिटिंगला तोड नाही," म्हणाला. मी खुश झाले. अशा तीन शिवून दिल्या, धुऊन-वाळवून आलटून पालटून घालायला.

वीसेक दिवसांनी एका सोमवारी ती थरथर थांबली. यानं कुणाला सांगितलं नाही, कारण गुरुवारी मेडिकल होतं. सांगितलं शनिवारी. आम्ही धावत गेलो. डॉक्टरांनी हात चाचपला, कान लावून ऐकलं, मान हलवली. आत रक्ताची गाठ झाली होती. त्याच दिवशी आला असतात तर काही करता आलं असतं, म्हणाले. मग विचारलं, "या हातावर काही घट्ट बांधत होतात का?"

"नाही," रतन म्हणाला.

मी शेजारीच उभी होते. मीही गप्प बसले.

घरी आल्यावर त्याच्या शर्टाच्या खिशात ऑपरेशनच्या वेळी दिलेला कागद सापडला. चक्क मराठीत. या हातात घड्याळ नको, बांगडी नको, या हातावर बीपी मोजू नका, घट्ट बाहीचे कपडे घालू नका. मी तो कागद त्याच्या तोंडासमोर नाचवला. "लोकांच्या मिक्सरची पुस्तकं वाचतोस, आणि स्वतःच्या हाताचा एक कागद वाचता आला नाही?"

"वाचला होता," तो म्हणाला. "वीस-पंचवीस दिवसांचा तर प्रश्न होता ताई. परमनंट झालो की काढणारच होतो."

आणि परमनंट? मेडिकलच्या रक्ताच्या रिपोर्टात सगळं बाहेर आलंच. जे झाकायला हात गेला ते झाकलं गेलंच नाही. यादीतून नाव गेलं आणि पुढच्या ब्रेकनंतर नवं कार्डही आलं नाही. मी त्या तिन्ही बाह्या कात्रीनं उभ्या फाडल्या. तेव्हा काय उपयोग!

मग डायलिसिस सुरू झालं. उजव्या हाताची नस बारीक, तिथला फिस्टुला धरलाच नाही. म्हणून मानेत नळी घातली. ती पिकली, थंडी वाजून ताप आला, काढली. मानेच्या दुसऱ्या बाजूला घातली, चार महिन्यांत तीही बंद. नळी जिथं बसते तिथली नस आतून खराब होते, हे आम्हाला एकेक जागा संपत गेली तसं कळत गेलं. मग डाव्या जांघेत, मग उजव्या जांघेत. धडधाकट माणूस, पाय फाकवून चालायला लागला. आठवड्यातून तीन वेळा त्याचा कंपनीतला दोस्त नवनाथ, लातूरकडचा, आपल्या शिफ्टच्या वेळा सांभाळून त्याला गाडीवर बसवून सेंटरला न्यायचा. म्हणायचा, "भावा, तुझ्यापरीस माझी ही भंगार गाडी कमी येळा गॅरेजला जातीय की!" रतन खोखो हसायचा. घरी आला की भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. मी विचारलं तर म्हणायचा, झोप लागली होती.

अशी तीन वर्षं गेली. डॉक्टर पहिल्यापासून सांगत होते, किडनी बसवा. आई म्हणाली, "माझी घ्या की. म्हातारीला काय करायच्यात दोन दोन?" पण आईला शुगर. मिनलच्या एका किडनीत खडे निघाले. राहिले मी. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. आमचे हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाले, "सही कुठं करायची ते सांग." मी मोरीत जाऊन रडले, आनंदानं.

वाटलं, सुटलो आता. कसलं काय! सगळ्या तपासण्या झाल्यावर नसांचा स्कॅन केला आणि किडनी बसवणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून कागदावर चित्र काढलं. नवी किडनी जुनीच्या जागी बसवत नाहीत, खाली ओटीपोटात, जांघेच्या वर बसवतात. तिथल्या मोठ्या नसांना तिच्या नसा जोडतात. आणि रतनच्या त्याच नसा जांघेतल्या नळ्यांनी खराब झालेल्या. डावीकडची पूर्ण बंद, उजवीकडची चिंचोळी, तिच्यातच आत्ताची नळी. "किडनी आहे," डॉक्टर म्हणाले, "पण लावायला जागा नाही."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या माणसाच्या अंगात एक नस मिळत नाही तुम्हाला?" ते बिचारे शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही काय काम करता?" सांगितलं. "मग विरलेल्या कापडावर नवा तुकडा जोडून बघा. टाका धरेल का?" मला कापड कळतं.

दुसऱ्या हॉस्पिटलनंही तेच सांगितलं. तिसरे डॉक्टर भेटले ते असल्याच अवघड नसांची कामं करणारे. हडकुळे, कमी बोलणारे. त्यांनी स्कॅन उजेडाला धरून कितीतरी वेळ बघितला. म्हणाले, "खाली काही नाही. पण वर, लिव्हरच्या खाली, शरीरातली सगळ्यात मोठी अशुद्ध रक्ताची शीर जाते, तिचा एक तुकडा उघडा असावा असं दिसतंय. किडनी तिथं वर जोडता येईल. असेल तर. स्कॅनमधे दिसतं ते आत असतंच असं नाही."

मिनलनं विचारलं, "आणि नसेल तर?"

"तर पोट शिवून बाहेर येणार. म्हणून आधी यांना उघडायचं. शीर हाताला लागली तरच मैत्रीताईंना आत घ्यायचं. नाही लागली तर त्यांना टाचणीही लावायची नाही." मग म्हणाले, "थांबायला वेळ नाहीये. उजव्या जांघेतली नळी आताच कमी रक्त देते. ती बंद पडली तर डायलिसिसलाही जागा उरणार नाही."

म्हणजे ही शेवटची खेप होती. त्या खोलीत आम्ही सगळे ते समजलो.

किडनी देणाऱ्याला एका समितीसमोर बसवतात, समोर कॅमेरा लावतात. एक बाई मला म्हणाल्या, "तुमच्यावर कुणाचा दबाव तर नाही ना?"

"माझ्यावर? दबाव?" मी म्हटलं. "मॅडम, आमच्या गल्लीत विचारा. माझ्यावर दबाव टाकणारं माणूस अजून जन्मायचंय."

त्या हसल्या, शेजारचे साहेबही हसले. "मग का देताय?"

माझ्या तोंडावर आलं होतं की ती बाही मी शिवली. पण म्हटलं, "भाऊ आहे माझा." तेही खरंच होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी त्याच्या खाटेवर बसले. मिनल खाली औषधं आणायला गेली होती. मी म्हटलं, "रतन, मला एक बोलायचंय. मी तुझ्यावर तीन वर्षं चिडले, वाट्टेल ते बोलले. पण इलॅस्टिक मी घातलं होतं. दुहेरी. तू म्हणालास म्हणून काय झालं, हात तर माझे चालले."

त्यानं उशीवरची मान माझ्याकडं वळवली. "खुळी आहेस का? ती नस बाहीच्या आधीच मंद पडली होती. तुला बाही मागितली त्या दिवशीच थरथर कमी झाली होती."

मी त्या दिवशी स्वतः बोट ठेवलं होतं. चांगली थरथरत होती. मेला, मरायला टेकलाय तरी खोटं बोलतोय! मला इतका राग आला आणि इतकं भरून आलं की मी त्याचा कान धरून पिरगाळला, लहानपणी पिरगाळायची तसा. तो ओरडला. सिस्टर धावत आल्या, त्यांनी मलाच झापलं.

सकाळी साडेसातला त्याला आत नेलं. आईनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला, "जय भीम" म्हणाली, आणि खुर्चीत बसून तोंडातल्या तोंडात त्रिसरण म्हणायला लागली. मला हिरवा गाऊन दिला, हाताला सुई लावून ठेवली, डाव्या कुशीवर पेनानं खूण केली, आणि ऑपरेशन थिएटरच्या अलीकडच्या खोलीत एका स्ट्रेचरवर झोपवलं. तिथं भिंतीवर घड्याळ होतं. मला सांगितलं होतं, दहाच्या सुमाराला न्यायला येतील.

जगात कुणी कापून घ्यायची एवढी आतुरतेनं वाट बघितली नसेल. दरवाजा हलला की मी पाय सरळ करायची. दहा वाजले. सव्वादहा. एक वॉर्डबॉय आला, मी म्हटलं, "चला," तर तो ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन गेला. अकरा. मी मनात हिशेब मांडायला लागले, वेळ लागतोय म्हणजे शीर सापडली असणार, नसती तर लगेच बाहेर आले असते. मग वाटलं, सापडली असती तर मला आधीच नेलं असतं. साडेअकरा. मी आडव्या पडल्या पडल्या कुशीवरच्या त्या खुणेला हात लावून बघत होते, पुसली तर नाही ना. कधी कशाला भीक न घालणारी मी, पण त्या दिवशी छताकडं बघून म्हटलं, घ्या, माझी घ्या, दोन्ही घ्या, पण मला आत न्या.

बारा वाजून दहा मिनिटांनी दरवाजा उघडला. वॉर्डबॉय नव्हता. डॉक्टर स्वतः आले होते, मास्क गळ्यात, हातात काही नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्याजवळ बसले. ते बसले तेव्हाच मला कळलं.

"सगळीकडं बघितलं ताई. वरची शीरही दगडासारखी झालीय. जिथं उघडी वाटत होती तिथं जुनी गाठ आहे. दोन ठिकाणी उघडून बघितलं, रक्त धरत नाही. तुमची किडनी काढून तिथं लावली असती, तर ती आजच काळी पडली असती. तुमचीही गेली असती आणि त्यांचाही जीव गेला असता."

"अजून एकदा बघा," मी म्हटलं.

"मी तीन तास बघतोय."

"मग हातात लावा, पायात लावा, कुठंही लावा!" मी काय बोलत होते माझं मला कळत नव्हतं. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, जांघेतली नळी शक्य तेवढी साफ केलीय. तिच्यावर जेवढे दिवस निघतील तेवढे काढायचे. किती, ते विचारू नका. त्यांनी स्वतः माझ्या हाताची सुई काढली आणि कापूस दाबून धरला.

बाहेर मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजी तुला कापलंच न्हाई?" मी मान हलवली. एका लेकराला काही झालं नाही म्हणून तिला बरं वाटावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. मिनल जिन्यात जाऊन बसली.

पाच वाजता आयसीयूतून निरोप आला, रतन शुद्धीवर आलाय आणि ताईला विचारतोय. डॉक्टर म्हणाले, "आज त्यांना काही सांगू नका. बीपी फार वरखाली होतंय. उद्या मी स्वतः सांगेन." मी सिस्टरकडून तो हिरवा गाऊन परत मागून घेतला. साडीवरनं चढवला, पदर आत खोचला. डाव्या कुशीवर हात दाबून धरला आणि वाकून, एकेक पाऊल टाकत त्याच्या खाटेपर्यंत गेले.

त्याच्या नाकात नळी होती, ओठ सुकले होते. मला बघितल्यावर डोळे हलले.

"ताई, दुखतंय का गं?"

"लय दुखतंय," मी म्हटलं. "मेल्या, तुझ्यापायी."

त्याला हसू आलं. अगदी सुटल्यासारखं हसला तो. मग त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. गाऊन बघितला, कुशीवरचा हात बघितला, पायातल्या चपला बघितल्या. त्याचं हसू जागच्या जागी राहिलं आणि डोळे भरून आले.

"किडनी दिलेलं माणूस त्याच दिवशी चालत येत नाही गं, ताई," तो म्हणाला.

मी कुशीवरचा हात खाली घेतला.